खाता की लावता

कुडपणची सलोनी महाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला पोचली, तरी तिच्या कोल्ड क्रीमच्या डबीत क्रीम नाही हे महाडात कोणालाच ठाऊक नव्हतं. डबी दिसायला फार सज्जन. गुलाबी झाकण, झाकणावर स्वतःच्याच गालाला हात लावून खूश झालेली बाई. आत मात्र काळीभोर मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळायची, की झाली मशेरी. सलोनीची आई ललिता ती दर पंधरा दिवसांनी करायची आणि नाचणीच्या पिठाच्या पिशवीत तळाशी खुपसून एसटीने लेकीला धाडायची.

सकाळी खोलीतली दुसरी मुलगी उठायच्या आत सलोनी डबी घेऊन मोरीत जाई. बोट मशेरीत बुडवून हिरड्यांवरून फिरवी. मग चिमूटभर पूड खालच्या ओठाच्या आत, डाव्या अंगाला, दाबून ठेवी आणि दहा मिनिटं उकिडवी बसून राही. डोकं हलकं होई. पोटालाही जाग येई, आणि ते फार महत्त्वाचं होतं, कारण मशेरीवाचून तिचं पोट संपावर जायचं. कॉलेजातून आल्यावर आणखी एकदा. झोपताना आणखी एकदा. मधल्या वेळेत ब्रश-पेस्टही व्हायचं, पण ते शेजारधर्म म्हणून.

हे सगळं तिच्या अकराव्या वर्षी सुरू झालं. दाढ ठणकत होती, पाऊस धरून बसला होता, डॉक्टर खाली पोलादपूरला. आईने स्वतःच्या पुडीतली चिमूट काढली आणि म्हणाली, "लाव गो जराशी. कीड मरल." लावली. ठणका थांबला. कीड मेली की नाही कोण जाणे, पण मशेरी राहायला आली ती आलीच.

खोलीतली दुसरी मुलगी म्हणजे प्रियदर्शिनी, पोलादपूरच्या कापडदुकानदाराची लेक. ती दिवसातून तीनदा दात घासायची, आणि घासताना बोलायची. "अगं, ब्रफ पंफेफाळीफ अंफात धरायफा," असं फेसातून सांगायची, आणि मग चूळ भरून तेच पुन्हा स्वच्छ सांगायची, "पंचेचाळीस अंशात, सलोनी. हिरडीला लागून." तिच्याकडे ब्रश दोन, पेस्ट तीन आणि गुळण्या करायचं एक निळं पाणी. ते निळं पाणी घशात घोळवताना ती असा आवाज काढी की भिंतीवरची पाल मागे सरके. त्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून होती. पाल त्या रेघेच्या वरच राहायची. शहाणी होती.

तर दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं आणि सुनील सरांनी वर्गात जाहीर केलं.

"आपण या ठिकाणी," सर म्हणाले, "विद्यार्थ्यांच्या दातांचा सर्व्हे या ठिकाणी करणार आहोत. दात कशाने घासता, किती वेळा घासता, व्यसन काय, ही सगळी माहिती या ठिकाणी आपल्याला गोळा करायची आहे." मागच्या बाकावर ओंकार बोटांवर मोजत होता. एका दमात तीन ठिकाणं झाली होती.

फॉर्मवर सोळा प्रश्न होते. सातवा: आपण तंबाखू, गुटखा किंवा मावा खाता का? अकरावा: तोंड वारंवार येते का, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? ज्याचं सात किंवा अकराला 'हो' येईल त्याचं नाव यादीत जाणार, आणि यादीतल्यांना पुढच्या शनिवारी दाताच्या डॉक्टर मॅडम तपासणार. माहिती गोळा करायला सरांनी चार मुली नेमल्या. त्यात सलोनी, कारण तिचं अक्षर चांगलं आणि ती फारशी बोलत नसे. ती का बोलत नसे हे सरांनी कधी विचारलं नाही. तोंड उघडलं तर मशेरीचा वास सुटेल, ही तिला धास्ती असायची.

आठवडाभर ती फॉर्म घेऊन फिरली.

ओंकार पाचाडचा. घरची खानावळ, रायगड चढायला येणारी माणसं हीच कमाई. "दात ना? घासतो की," तो म्हणाला. "पण पयलं गिऱ्हाईक, मग दात. शनिवारी पाचला माणसं येऊन चहा मागतात. त्यांना काय सांगू, थांबा दादा, माजे दात ऱ्हायलेत?"

"मग किती वाजता लिहू?"

"सवडीनं, असं लिव."

"असा पर्याय नाय रे."

"मग पर्याय चुकलाय. मी बरोबर हाय." तोंड मात्र वरचेवर येतं म्हणाला, म्हणून तो यादीत गेला.

ऋत्विक महाड शहरातला. कॉलेजच्या दारात मोटरसायकलवर आडवा बसून तो प्रश्न ऐकायचा आणि उत्तर देण्याआधी गालातला ऐवज एका बाजूला सारायचा. "थंबाखू नाही हां. थुपारी. फक्त थुपारी. लिही, व्यथन काही नाही."

"दिवसात किती?"

"मोजून कोण खातं? मनात आलं की खायचं." सलोनीने अकरावा प्रश्न विचारला, तोंड येतं का. तो हसला. "येतं, जातं. पाव्हणा आहे तो."

तिने त्याचं नाव यादीत घातलं.

आणि मग वरच्या गावांतल्या मुली. त्या सातव्या प्रश्नाला न अडखळता म्हणत, "नाय." एक म्हणाली, दुसरी म्हणाली, विसावी म्हणाली. सलोनी लिहीत गेली: नाही, नाही, नाही. स्वतःच्या फॉर्मवरही तिने नाही लिहिलं, आणि लिहिताना तिचा हात जराही थबकला नाही. खोटं ते काय होतं? कुडपणला तंबाखू खातात ते बापये. चुना लावून, चोळून, टिचकी मारून खातात. बायका खात नाहीत. बायका मशेरी लावतात, जशी हळद लावतात, तेल लावतात. खाणं वेगळं, लावणं वेगळं. हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं व्याकरण होतं.

अकराव्या प्रश्नाला मात्र तिने नाही लिहिलं ते आत न बघता.

प्रियदर्शिनीने बघितलं. मोबाईलचा पुढचा कॅमेरा लावून, ओठ दोन बोटांनी ताणून, कोपरा न् कोपरा. "हे बघ, माझं सगळं गुलाबी. तुझं दाखव."

"माझंपण गुलाबीच हाय."

"न बघता?"

"मला काय माझं तोंड माहीत नाय?" सलोनी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत चूळ भरल्यावर तिने मोबाईल वर धरला आणि खालचा ओठ उलटा केला.

डाव्या अंगाला, जिथे चिमूट बसायची तिथेच, साय होती.

तापवलेल्या दुधावर धरते तशी. पांढरट, सुरकुतलेली, अंगठ्याच्या नखाएवढी. तिने बोटाने पुसली. निघाली नाही. ब्रशने घासली. निघाली नाही. दुखत तर मुळीच नव्हती. दुखली असती तर तिला बरं वाटलं असतं, कारण ठकूआत्याचीसुद्धा आधी दुखत नव्हती.

ठकूबाई म्हणजे तिच्या बापाची आत्या, पण घरात लहानथोर सगळेच तिला ठकूआत्या म्हणत. गप्पिष्ट बाई. कुणाच्या लग्नात कोण कसं जेवलं याची ती अशी नक्कल करी की माणसं पोट धरून बसत. तिच्या शेवटच्या चार महिन्यांत तिला पेज भरवायचं काम तेरा वर्षांच्या सलोनीकडे होतं. पेज एका बाजूने ओतायची, म्हणजे दुसऱ्या बाजूला लागत नाही. त्या दुसऱ्या बाजूला गालाला आतून भोक पडायला आलं होतं, आणि त्याच्या कडेने पांढरी साय होती. वास यायचा. आत्याला तो वास कळायचा, म्हणून ती पदराचं टोक सतत तोंडाशी धरायची. पेज पिताना तेवढा पदर खाली, की लगेच वर. गावात त्याला दुसरा शब्द नव्हता. सगळे म्हणत, आत्याचं तोंड आलंय. मिरची खाल्ली तरी तोंड येतं, जागरण झालं तरी तोंड येतं. आत्याचं आलं ते गेलंच नाही. मुंबईला नेलं, तिथे म्हणे डॉक्टरांनी कात्री लावून तुकडा काढला, आणि परत आणल्यावर महिन्यात सगळं आटपलं. तेव्हापासून कुडपणला एक वाक्य ठरून गेलं: हत्यार लागलं की ते पसरतं.

सलोनीने मोबाईल खाली ठेवला. डबीचं झाकण तीनदा लावलं तेव्हा बसलं.

त्या दिवसापासून तिची जीभ तिच्या ताब्यात राहिली नाही. वर्गात, खानावळीत, एसटी स्टँडवर, जीभ सारखी डाव्या कोपऱ्यात जाई आणि ती खरखरीत जागा चाचपून येई. आहे. अजून आहे. कालच्यापेक्षा मोठी आहे का? जिभेला माप कळत नाही. जिभेला कण डोंगराएवढा लागतो. फॉर्म घेऊन ती समोरच्याला विचारी, "तोंडात पांढरा चट्टा आहे का," आणि समोरचा नाही म्हणाला की तिला त्याचा राग येई.

यादीत नाव घालायचं तर अकराव्या प्रश्नाचं उत्तर खोडावं लागणार. मग सर वाचणार, प्रियदर्शिनी वाचणार, ऋत्विक तर वर्षभर वाचणार. पण ती लाज परवडली असती. खरं भय मॅडमच्या कात्रीचं होतं. आत्ता हे झोपलेलं आहे, नखाएवढं आहे, दुखत नाही. डिवचलं तर?

गुरुवारी संध्याकाळी आईचा फोन आला. कुडपणला रेंज मिळते ती कड्याच्या टोकाला, त्यामुळे आईच्या बोलण्याआधी नेहमी वारा बोलतो.

"काय गो, जेवलीस?"

"अजून येळ हाय. आये, एक विचारू? ठकूआत्याला पयलं काय झालंतं गो?"

आई म्हणाली, "तोंड आलंतं. मेलेल्या माणसाचं कशाला काडतेस तिनीसांजंची?"

"सहज. पयलं दुखत नव्हतं ना तिला?"

"मला काय म्हाईत. तू अभ्यास कर. पिठाची पिशवी पंधरा दिसांनी धाडते. मी आपली आज नुसती पेज जेवले. तिखट सोसत नाय हल्ली. वय झालं."

सलोनीने हे ऐकलं आणि सोडून दिलं. तिला त्या वेळी स्वतःच्या तोंडापलीकडे काही ऐकू येत नव्हतं.

शनिवारी कॉलेजच्या सभागृहात शिबिर भरलं. प्लॅस्टिकची खुर्ची, वर वाकवलेला दिवा, टेबलावर स्टीलच्या ट्रेमध्ये आरसे आणि चिमटे. डॉक्टर मॅडम बुटक्या, जाड भिंगांच्या, आणि शब्दांच्या बाबतीत महाकंजूष. "आ. मोठा. अजून. जीभ उजवीकडे. डावीकडे. वर. थुंक. पुढचा." पन्नास मुलांचं त्यांनी एवढ्याच शब्दांत भागवलं. यादी हातात धरून नावं पुकारायचं काम सलोनीकडे होतं. ती खुर्चीपासून दोन हातांवर उभी होती, ट्रेकडे न बघता.

ओंकारच्या चार दाढा किडलेल्या निघाल्या. "घासतोस कधी?" मॅडमनी विचारलं. ओंकारने सलोनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तसा पर्याय नाय, मॅडम."

मग ऋत्विक. तो आला तोच झुलत, खुर्चीत बसला, मागे वळून मित्रांना डोळा मारला.

"आ."

त्याने आ केला.

"मोठा."

"एफढाच होतो."

मॅडम थांबल्या. त्यांनी आरसा खाली ठेवला. "तुझी तीन बोटं अशी उभी धर आणि तोंडात घाल."

त्याने तर्जनी, मधलं बोट आणि त्याच्या बाजूचं अशी तीन बोटं जुळवली आणि तोंडाशी नेली. गेली नाहीत. त्याला वाटलं चुकलं. पुन्हा नेली. दोनच गेली. मित्र हसले, कारण त्यांना वाटलं तो थट्टा करतोय. ऋत्विक हसला नाही. तिसऱ्यांदा त्याने जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तरी दोनच.

"कधीपासून सुपारी?" मॅडमनी विचारलं.

"आठवीपासून," तो म्हणाला. त्या वेळी त्याच्या गालात काही नव्हतं, त्यामुळे शब्द अगदी स्वच्छ आले. "मॅडम, हे उघडेल ना परत?"

"सोमवारी वडिलांना घेऊन दवाखान्यात ये," मॅडम म्हणाल्या. उघडेल असं त्या म्हणाल्या नाहीत. ऋत्विक उठला आणि मित्रांच्या बाजूने न जाता भिंतीच्या कडेने बाहेर गेला. दारापाशी तो पुन्हा तीन बोटं तोंडाशी नेत होता.

यादी संपली. सुनील सर माइकशी गेले. "या ठिकाणी एक अत्यंत आनंदाची बाब मला सांगायची आहे. आपल्या सर्व्हेनुसार मुलींमध्ये तंबाखूचं प्रमाण या ठिकाणी शून्य आहे. शून्य." टाळ्या पडल्या. वरच्या गावांतल्या मुलींनीही वाजवल्या, मनापासून.

मॅडमनी दिवा बंद केला. एक हातमोजा काढला, ट्रेमध्ये टाकला. दुसऱ्याचं टोक धरलं.

सलोनीच्या हातात यादीचा कागद होता. त्यावर सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या होत्या. आता तो कागद द्यायचा आणि जायचं, एवढंच उरलं होतं. तिची जीभ डाव्या कोपऱ्यात गेली. आहे. तिला पेजेची वाटी दिसली, एका बाजूने ओतायची. तिला स्टीलचा चिमटा दिसला. दोन्हीतलं जास्त भयंकर काय ते तिला ठरवता येईना, आणि तेवढ्यात मोजा मनगटापर्यंत उतरला.

"मॅडम," ती म्हणाली. "एक राहिलंय."

"नाव?"

"यादीत नाय."

मॅडमनी तिच्याकडे भिंगांतून पाहिलं. मोजा पुरता काढून टाकला, नवी जोडी चढवली, दिवा लावला. सलोनी खुर्चीत बसली. खुर्ची ऋत्विकच्या घामाने अजून ओली होती.

"तंबाखू खातेस?"

"नाय."

"गुटखा? मावा?"

"नाय."

मॅडमनी ओठ उलटा केला. दिवा खाली ओढला. मग त्यांनी विचारलं, "खात नाहीस. मग काय करतेस?"

"लावते," सलोनी म्हणाली.

"काय?"

"मशेरी."

मॅडमनी मान हळूच सरांकडे वळवली. सर माइकची वायर गुंडाळत होते. "सर, तुमचा सातवा प्रश्न," त्या म्हणाल्या, "खाता का असा आहे. इकडच्या मुली खात नाहीत. लावतात. मशेरी म्हणजे जळलेला तंबाखूच आहे." सरांच्या हातातली वायर गळून पडली. शून्य त्यांनी आत्ताच माइकवर सांगितलं होतं.

सलोनीला त्याचं काही नव्हतं. मॅडमचं बोट साय चाचपत होतं, दाबून बघत होतं. "कात्री नका लावू, मॅडम," ती त्या बोटाभोवतून म्हणाली. "आमच्या आत्याला लावली नि पसरलं."

बोट बाहेर आलं. "आत्या डॉक्टरकडे कधी गेली होती?"

"पेज गिळेना तेव्हा."

"मग कात्रीने नाही पसरलं. ते पसरूनच गेलं होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हिशेबाने हे भाषणच झालं, पण त्या पुढेही बोलल्या. "आज मी काही कापत नाही. जागा मऊ आहे. तीन आठवडे मशेरी बंद. चिमूटसुद्धा नाही. मग दवाखान्यात ये. चट्टा गेला तर गेला. नाही गेला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा."

"जाईल ना?"

"बहुतेकदा जातो," मॅडम म्हणाल्या.

बहुतेकदा. तीन आठवडे सलोनी त्या एका शब्दावर झोपली आणि त्यावरच उठली.

दुसऱ्याच दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी पोट संपावर. चौथ्या दिवशी तिने खानावळवालीशी आमटीवरून भांडण काढलं. हात आपसूक डबीकडे जाई. डबी तिने टाकली नव्हती, पेटीत तळाशी ठेवली होती, आणि ती तिथे आहे हे तिच्या सगळ्या अंगाला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी प्रियदर्शिनीने टाचेला लावायला क्रीम हवं म्हणून पेटी उघडली, झाकण काढून हुंगलं, आणि सात शिंका दिल्या.

"सलोनी, तुझं क्रीम एक्स्पायर झालंय गं."

मग तिला कळलं. सलोनीने सगळं सांगितलं, साय, आत्या, तीन आठवडे. आता अंशांचं व्याख्यान येणार म्हणून ती मान खाली घालून बसली. प्रियदर्शिनीने डबी मोरीत नेऊन पाण्याने धुतली, बराच वेळ धुतली, आणि परत आली तेव्हा तिचे हात काळे होते. "उद्यापासून मी बघणार," ती म्हणाली. "रोज सकाळी. तू स्वतःचं बघू नकोस, तुझा हात हलतो."

त्यानंतर रोज उजाडल्यावर खिडकीत हाच खेळ.

"आ कर."

"कमी वाटतोय?"

"खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"तसाच आहे."

दहाव्या दिवशीही तसाच. बाराव्या दिवशी प्रियदर्शिनी म्हणाली, कडेला जरा गुलाबी वाटतंय, पण उजेडामुळेही असेल. तिकडे कॉलेजात सरांनी सातवा प्रश्न बदलून घेतला होता आणि सलोनी पुन्हा वरच्या गावांतल्या मुलींपुढे कागद घेऊन उभी होती. "मशेरी लावता का?" या खेपेला मुली न अडखळता म्हणत होत्या, "हो." जशी हळद, जसं तेल. शून्याचे एकोणीस झाले. आणि हो म्हटल्यावर एकेक जण तिला कोपऱ्यात ओढून हळूच विचारी, "का गो? काय होतं?"

आईला तिने बाराव्या दिवशीच सांगितलं. वारा पुष्कळ होता, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ओरडून. कड्यावर आणखी कोणी उभं असेल तर त्यालाही कळलं असेल.

"काय नाय होत," आई म्हणाली. "माज्या आयशीनं लावली, तिच्या आयशीनं लावली."

"ठकूआत्यानंपण लावली, आये."

आई म्हणाली, "कंच्या दिवशी जायचंय? मी येते."

तीन आठवडे भरले त्या शनिवारी आई पहिल्या गाडीने पोलादपूरला आणि तिथून महाडला उतरली. हातात पिठाची पिशवी, या खेपेला तळाशी काही नसलेली. तोंडाला पदर. "काय धूळ गो रस्त्याला," ती पदरातून म्हणाली. दवाखाना माडीवर होता. जिना चढताना आईने सलोनीचा दंड असा धरला होता की कोण कोणाला चढवतंय ते कळू नये.

खुर्ची. दिवा. "आ. मोठा." ओठ उलटा झाला. मॅडमचं बोट फिरलं, एकदा, दोनदा. सलोनीने डोळे मिटून घेतले. ट्रेमध्ये काहीतरी वाजलं आणि तिला वाटलं, उचलला चिमटा.

"गेलाय," मॅडम म्हणाल्या. "पुसट रेघ आहे, तीही जाईल. पुन्हा लावलीस तर पुन्हा येईल. आणि दर वेळी जाईलच असं नाही. चूळ भर."

सलोनीने चूळ भरली. पाणी गोड लागलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिची जीभ तोंडात मधोमध पडून राहिली, कुठेही न जाता. ती आईकडे बघून हसली.

आई पण हसली असावी. दिसलं नाही. पदर तोंडाशी होता.

दवाखान्यात धूळ नव्हती. फरशी नुकती पुसलेली होती, खिडक्या बंद होत्या. तरी पदराचं टोक दोन बोटांत धरलेलं, तोंडावर घट्ट. असा पदर सलोनीने चार महिने रोज पाहिला होता. पेजेपुरता खाली, की लगेच वर.

"यांचं बघू?" मॅडमनी विचारलं.

"मला काय झालंय," आई म्हणाली. "मी पोरीसाठी आले."

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी शिबिरातला एक उरलेला फॉर्म सलोनीपुढे सरकवला, तोच जुना, सोळा प्रश्नांचा. "तुला सवय आहे. भर."

सलोनीने पेन घेतलं. नाव तिने न विचारता लिहिलं. वय विचारलं. "लिव पंचेचाळीस," आई म्हणाली. दात कशाने, किती वेळा, सगळं झालं. मग सातवा आला, आणि तिने तो छापला होता तसा वाचला. "तंबाखू खाता का?"

"नाय बाय," आई म्हणाली. "आपल्यात बायका कुठं खातात?"

सलोनीने 'खाता' खोडलं. वर 'लावता' लिहिलं. "कधीपास्नं, आये?"

"तुज्या एवडी पण नव्हते."

आठ, नऊ, दहा. अकराव्यापाशी पेन थांबलं. तो प्रश्न तिने महाडात दीडशे जणांना विचारला होता. आता तिने दुसरंच विचारलं. "तिखट कधीपास्नं सोसत नाय?"

आईने खिडकीकडे पाहिलं. "लावणीच्या आधी. मिरगाला भाताच्या रोपांची आवणं केली ना, तवाच्या सुमाराला."

सलोनीने बोटांवर महिने मोजले. एका हाताची बोटं पुरली नाहीत.

"एक बाजूनं जेवते मी," आई म्हणाली, कुणी न विचारता. "दुसऱ्या बाजूला लागत नाय मग."

मॅडमनी दिवा खुर्चीवर आणला. सलोनीने आईला दंड धरून बसवलं, आणि पदराचं टोक तिच्या बोटांतून एकेक बोट उलगडून सोडवलं. आईने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. लेकीकडे पाहत तिने ओठ विलग केले, जरासे, पेजेचा चमचा आत जाईल एवढेच.

"आ," सलोनी म्हणाली. "मोठा कर, आये. अजून."